अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिन आणि त्याबद्दलचा इशारा

फ्लेमिंग म्हटलं की आपल्याला बुरशी लागलेली काचेची बशी आठवते. पाठ तिथेच संपतो. खरं तर त्यांनी पुढे जे सांगितलं, ते आपल्या जास्त कामाचं आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. लंडनला येऊन त्यांनी जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशाचे पैसे मिळाले, तेव्हा कुठे सेंट मेरी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकता आली. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून सैनिक मरताना त्यांनी पाहिले.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना एका बशीत बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेले होते. यातूनच पेनिसिलिन मिळाले. मात्र ते शुद्ध करणं त्यांना जमलं नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९४५ चं नोबेल या तिघांना मिळालं, ते योग्यच झालं.

नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण कमी घेतो. जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जिवाणू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो. आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. प्रयोगशाळेत असे जिवाणू तयार करणं अवघड नाही, हेही त्यांनी सांगितलं. होतं काय, की औषध अपुरं पडलं तर लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच पिलावळ वाढते.

आपल्याकडेही मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या, असं चालतंच ना! कित्येकदा तर साध्या सर्दीला. सर्दी होते विषाणूंमुळे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत नीट बांधू देत नाही. विषाणूला तर ती भिंतच नसते. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती बनवून घेतो. त्याला या गोळ्यांनी काहीच होत नाही. पण अंगातल्या इतर जिवाणूंना मात्र औषधाची सवय होते.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये फ्लेमिंग यांचं निधन झालं. त्या बशीत जे स्टॅफिलोकोकस जिवाणू विरघळले होते, त्यांचेच पेनिसिलिनला न जुमानणारे भाऊबंद तोपर्यंत मोठ्या रुग्णालयांमध्ये पसरले होते.