आतड्यातला जीवाणूभक्षक शोधणारे फेलिक्स देरेल

विषाणू म्हटलं की मुलांना सर्दी नाहीतर कोरोना आठवतो. पण आपल्या आतड्यात जीवाणूंना मारणारे विषाणूही राहतात, आणि काळाप्रमाणे ते बदलतात. हा बदल टिपणाऱ्या संशोधकाची ही ओळख.

फेलिक्स देरेल यांचा जन्म २५ एप्रिल १८७३ रोजी पॅरिसमध्ये झाला. जीवाणूशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुस्तकं वाचून आणि स्वतः प्रयोग करून ते शिकले. ग्वातेमाला, मेक्सिको इथे काम करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले.

१९१५ साली महायुद्ध चालू असताना पॅरिसजवळच्या फ्रेंच सैनिकांत रक्ती आव पसरली. देरेल एकाच रुग्णाची शी रोज तपासू लागले. चिनी मातीच्या अतिबारीक गाळणीतून ती गाळली की जीवाणू वरच अडकत. खाली आलेलं पाणी ते आवेच्या जीवाणूंनी गढूळ झालेल्या द्रवात घालत. आजाराच्या सुरुवातीला काहीच घडेना. मग एके दिवशी तो द्रव रातोरात नितळ झाला, आणि तिकडे रुग्णालाही उतार पडला! १९१७ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला आणि त्या अदृश्य मारेकऱ्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूभक्षक, असं नाव दिलं. असाच परिणाम इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्येच नोंदवला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद बराच रंगला.

१९१९ मध्ये आवेने आजारी असलेल्या एका मुलाला हे औषध देण्याआधी देरेल यांनी ते स्वतः पिऊन पाहिलं. मुलगा बरा झाला. पुढे पटकीच्या अभ्यासासाठी ते भारतातही आले. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर प्रतिजैविकं आली होती आणि बहुतेक देशांत ही उपचारपद्धती मागे पडली. आता प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढल्याने तिच्याकडे पुन्हा लक्ष जातंय.

आज आपल्याला माहीत आहे, की नवजात बाळाच्या आतड्यात विषाणू जवळजवळ नसतात. महिन्याभरात ते कोट्यवधी होतात. बाळ वाढतं तसे ते बदलत जातात. मोठेपणी मात्र ज्याचा त्याचा संच बराचसा स्थिर राहतो.

देरेल यांनी नमुना एकदाच तपासला असता तर हाती काहीच लागलं नसतं. म्हणून वर्गात मटकीला मोड आणताना मुलांना रोज पाहायला लावा, तारीख घालून वहीत नोंद करायला सांगा. विज्ञानाची सवय अशीच लागते.