लखुजी जाधवराव

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे गाव तुम्ही पाहिले आहे का? १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म तेथे झाला, हे तुम्हांला माहीत असेल. त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांच्याविषयी मात्र तुम्ही फारसे वाचले नसेल.

लखुजी हे सिंदखेडचे देशमुख व निजामशाहीतील मोठे सरदार होते. जाधवांच्या काळातील वाडा, काळा कोट आणि मोती तलाव आजही गावात आहेत. काळ्या कोटाला हे नाव का पडले, ते त्याच्या भिंती पाहिल्या की लगेच कळते. या भागातील दगड काळा आणि फार कठीण. पाथरवट, म्हणजे तुमच्या उर्दूतील संगतराश, तो छिन्नीने घडवीत. असे दगड जोडायला त्या काळी चुना वापरीत. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून घाणीत मळतात. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. सिमेंट नसताना मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्या याच्याच बळावर!

लखुजींचे आयुष्य मात्र असे स्थिर नव्हते. ते निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली, तेव्हा त्यांचे जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढत होते आणि लखुजी विरुद्ध बाजूला होते. जिजाबाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल, विचार करा. पुढे लखुजी निजामशाहीत परतले. पण दरबाराचा संशय गेला नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाने त्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर बोलावले आणि भर दरबारात ठार करविले. त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही तेथेच मारले गेले. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच शिवाजी महाराजांचा जन्म झाला. लखुजींना हा नातू पाहता आला नाही.

सिंदखेडराजाला लखुजींची भव्य समाधी आहे. तिच्या कमानी आणि घुमट पाहून तुम्हांला एखाद्या मकबऱ्याची आठवण होईल. दख्खनचे कारागीर तेच होते, म्हणून बांधणीही सारखी. २०२४ मध्ये या समाधीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना जवळच एका जुन्या मंदिराचा पाया सापडला. आणखी खणल्यावर, सुमारे २.३ मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची १.७ मीटर लांबीची मूर्ती मिळाली. ती इकडच्या काळ्या दगडाची नाही. क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडातून ती कोरलेली आहे. दक्षिणेकडील शिल्पकार हा दगड बारीक नक्षीसाठी पसंत करीत.