कै. डॉ. जेरुशा झिराड : बिनपगारी सेवा आणि सरकारी मान

आपल्या समाजात विनामोबदला राबणाऱ्या माणसांची वाण कधी पडली नाही. मशिदीचा कारभार पाहणारे मुकादम, पैशाचा हिशेब ठेवणारे गबाय, मलिद्याची ताटे तयार करणाऱ्या बायका, कोणाच्या घरी मृत्यू झाला की हातातले काम टाकून धावणारे तरुण, यांपैकी कोणी कधी पगार मागितला नाही. मात्र सरकारदरबारी ज्यांच्या कामाची नोंद झाली अशी आपली नावे थोडी, आणि स्त्रियांची तर फारच थोडी. त्यांत कै. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव अग्रभागी आहे. ब्रिटिश सरकारने त्यांना एम.बी.ई. हा किताब दिला आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने १९६६ साली पद्मश्री दिली. इस्राएलात जन्मलेल्या आपल्या नातवंडांना हे नाव ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

झिराड हे अलिबाग तालुक्यातील गाव. आपल्या रिवाजाप्रमाणे गावावरून आडनाव पडले. जेरुशाबाईंचा जन्म मात्र कोकणापासून दूर, म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे १८९० च्या सुमारास झाला. शिक्षणासाठी त्यांना पुण्याला, हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत ठेवले होते. बहीण मोठ्या दुखण्यातून मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये बरी झाली, आणि तेथील स्त्री-डॉक्टरांचे काम पाहून अकरा वर्षांच्या जेरुशाबाईंनी आपणही डॉक्टर व्हायचे असे ठरविले. लहानपणी असे बेत सर्वच मुले करतात. त्यांनी तो तडीस नेला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली त्या एल.एम.अँड एस. झाल्या.

पुढच्या शिक्षणासाठी विलायतेस जायचे तर पैसा हवा. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती होती, पण ती पुरुषांसाठी. गुणवत्ता कितीही असो, अर्जदार स्त्री आहे एवढ्यावरून अर्ज बाजूला पडे. जेरुशाबाई घरी बसल्या नाहीत. टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळवून १९१४ साली, म्हणजे पहिले महायुद्ध पेटले त्याच वर्षी, त्या लंडनला गेल्या. त्यानंतर सरकारने आपला नियम बदलून ती शिष्यवृत्ती स्त्रियांनाही खुली केली आणि ती मिळविणारी पहिली स्त्री जेरुशाबाईच ठरल्या. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी सरकारी मान्यता हीच. पदक एकट्याच्या छातीवर लागते. नियम बदलला तो त्यांच्या मागून येणाऱ्या सर्व मुलींसाठी.

१९१९ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेतली. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परत आल्यावर दिल्ली व बंगलोर येथे काम करून त्या मुंबईस आल्या आणि ज्या कामा हॉस्पिटलने त्यांना वाट दाखविली होती तेथेच १९२५ पासून ऑनररी सर्जन झाल्या.

ऑनररी हा शब्द आपल्या पिढीला परिचित आहे. मोठ्या इस्पितळात नामवंत डॉक्टर सकाळी येत, गरीब रोग्यांना तपासत, शस्त्रक्रिया करीत, आणि पगार म्हणून काही घेत नसत किंवा नाममात्र घेत. त्या पदाची प्रतिष्ठा मोठी होती व तिच्यामुळे खाजगी रोगीही येत, तेव्हा सगळा कारभार निव्वळ त्यागाचा होता असे समजण्याचे कारण नाही. तरीही त्या पद्धतीवर मुंबईच्या लाखो गोरगरिबांची शुश्रूषा झाली. १९२८ साली जेरुशाबाई कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्म त्याच इमारतीत झाला असेल.

त्या काळी सरकार मान देई तो पुरुषांना. आपल्यातील काही कर्तबगार गृहस्थांना खानसाहेब, खानबहादूर असे किताब मिळाले. हिंदूंना रावसाहेब, रावबहादूर. मुसलमान, पारशी आणि आपण यांना खान, अशी ती वाटणी होती. एखाद्या बेने इस्राएल गृहस्थाच्या नावामागे खान पाहून आजची मुले हसतात! स्त्रीला असे काही नव्हते. एम.बी.ई. ज्या मालिकेतला किताब आहे ती मालिका १९१७ साली, युद्धाच्या काळात सुरू झाली. रणांगणाबाहेर राहून कामे करणाऱ्या सामान्य नागरिकांचा, त्यांत स्त्रियांचाही, गौरव करावा हा तिचा हेतू होता. म्हणूनच तो जेरुशाबाईंपर्यंत पोहोचू शकला.

आता ज्या कामाचा पगार नव्हता आणि ज्याला किताबही नव्हता त्याविषयी. १९१३ साली, विलायतेस जाण्यापूर्वीच, बेने इस्राएल स्त्री मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ज्या काळी आपल्या बायका मशिदीत गॅलरीत बसत आणि समाजाच्या सभेत त्यांना कोणी विचारीत नसे, त्या काळी बायकांनी आपली सभा भरवावी, तिचा कारभार आपणच पाहावा, ही गोष्ट लहान नव्हती. १९२५ साली त्यांनी मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन काढली. लंडनमध्ये क्लॉड माँटेफिओरे व लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी धर्मविचारांशी त्यांचा परिचय झाला होता, त्याचे हे फळ. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करणे अनेक घरांना रुचले नाही आणि मलाही ती चाल आपलीशी वाटत नाही. पण दिवसभर इस्पितळात उभे राहिल्यावर संध्याकाळी जी बाई समाजाच्या कामाला वेळ देते, तिच्या मताशी मतभेद असला तरी तिच्या कष्टांना नाव ठेवता येत नाही.

मुंबईत बाळंतपणात स्त्रिया कोणत्या कारणांनी दगावतात याची पाहणी त्यांनी १९३७-३८ च्या सुमारास केली आणि तिचा अहवाल १९४१ साली सरकारने प्रसिद्ध केला. एकेका मृत्यूमागचे कारण शोधायचे, तेही दुःखात बुडालेल्या घरी विचारपूस करून, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करावी. निवृत्तीनंतर त्या भारतीय स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या, आणि १९५० साली प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. अशी पदे मिरवायला बरी दिसतात, पण त्यांत पत्रव्यवहार, प्रवास आणि सभा याखेरीज हाती काही लागत नाही.

पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते आणि नोकरी सोडून एकोणीस वर्षे झाली होती. ती मिळाली वैद्यक या सदरात. ते योग्यच, कारण इस्पितळाचे कागद सरकारजवळ होते. स्त्री मंडळाचे कागद सरकारजवळ कोठून असणार? ते आपणही नीट जपले नाहीत. कोणी कोणत्या साली चिटणीस होते, वर्गणी किती जमली, कोणत्या विधवेच्या मुलाची फी भरली, हे सारे वह्यांत होते आणि आलियाच्या वेळी वह्या ट्रंकांतून कोठे गेल्या ते सांगता येत नाही. सरकार मान देते ते शिफारस पाहून, आणि शिफारस लिहायची तर तारखा लागतात.

जेरुशाबाई वयाची नव्वदी ओलांडून १९८० च्या दशकात निवर्तल्या. त्यांचे चरित्र १९९० साली प्रसिद्ध झाले. ज्या वाचकांच्या घरी स्त्री मंडळाच्या जुन्या सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या किंवा छायाचित्रे असतील त्यांनी त्यांच्या प्रती संपादकांकडे पाठवाव्यात. छायाचित्रातील बायकांची नावे माहीत असल्यास मागे पेन्सिलीने लिहावीत.