विश्लेषण : बीममधली रिंग आणि क्रँक आले कुठून? काँक्रीटची ड्रॉइंग जगभर पोहोचवणाऱ्या गवंड्याची गोष्ट

स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक साइटवर एकच दृश्य दिसते. सेंट्रिंगवर सळ्यांची जाळी पसरलेली, फिटर बाइंडिंग वायरच्या शेवटच्या गाठी मारतोय आणि इंजिनीअर हातातल्या चुरगळलेल्या आरसीसी ड्रॉइंगवरून एकेक सळई मोजतोय. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतले की आतले काहीच दिसत नाही. आत काय आहे, हे पुढची कित्येक वर्षे तो कागदच सांगतो.

या कागदाला आजचे रूप देणाऱ्यांमध्ये फ्राँस्वा एनबिक यांचे नाव फार वरचे आहे. त्यांच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती.

कोण होते एनबिक?

जन्म २५ एप्रिल १८४२, उत्तर फ्रान्समध्ये. तरुणपणी ते दगडी बांधकाम शिकले आणि जुन्या चर्चच्या दुरुस्तीच्या कामांवर राबले. १८६७ पासून स्वतः ठेके घेऊ लागले. बरीचशी कामे बेल्जियममध्ये होती.

१८७९ च्या सुमारास बेल्जियमच्या किनाऱ्यावर एका मालकाला आगीला दाद न देणारे घर हवे होते. शेजारचा बंगला त्याच्या डोळ्यांदेखत जळाला होता. उघडे लोखंड आगीत तापून वाकते, म्हणून एनबिक यांनी लोखंडी तुळया काँक्रीटमध्ये गुंडाळल्या. मग त्यांच्यातला ठेकेदार जागा झाला. लोखंड महाग, मग एवढे कशाला? भार आला की तुळई मधोमध खाली झुकते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताणात मात्र चटकन तडकते. म्हणजे लोखंड हवे ते खालच्या बाजूला, आणि त्यासाठी अख्ख्या तुळईऐवजी गोल सळ्या पुरतात.

हे सुचलेले ते एकटे नव्हते. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने १८६७ मध्येच लोखंडी जाळीच्या कुंड्यांचे पेटंट घेतले होते. एनबिक यांचे वेगळेपण दिसते ते त्यांच्या १८९२ च्या पेटंटमध्ये.

त्या ड्रॉइंगमध्ये काय होते?

बीम लांबीत कापून दाखवला की त्यात सळ्यांची जोडी दिसते. एक सळई तळाशी सरळ जाते. दुसरी मधोमध तळाशी असते, पण खांबाजवळ येताना तिरकी वर चढते आणि खांबावरून वरच्या अंगाने पुढच्या गाळ्यात जाते. हीच आजची क्रँक. बीम खांबांवरून सलग पुढे जात असेल तर खांबाच्या डोक्यावर ताण उलटा, म्हणजे वरच्या बाजूला येतो. सळई त्या ताणाच्या मागे जाते.

दुसरी गोष्ट रिंग. एनबिक लोखंडी पट्टीचे इंग्रजी यू आकाराचे तुकडे सळ्यांखालून अडकवत. खांबाजवळ बीमला तिरपे तडे जाण्याचा धोका जास्त, म्हणून तिथे हे तुकडे दाट आणि मधोमध विरळ. आजच्या ड्रॉइंगवर ८ एमएम @ १५० सी/सी असे लिहिलेले असते, तेव्हा अर्थ एवढाच, की ८ मिलिमीटर जाडीच्या रिंगा मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतरावर बांधायच्या. ४-१६ म्हणजे १६ मिलिमीटरच्या चार सळ्या. कव्हर म्हणजे सळईबाहेरची काँक्रीटची जाडी. समुद्राकाठी ती जास्त ठेवावी लागते, नाहीतर सळई गंजते.

ड्रॉइंग वाचताना सगळ्यात आधी बघायचे ते सळई वर आहे की खाली. बाल्कनी किंवा छज्जा एकाच बाजूला धरलेला असतो, त्याचा ताण वरच्या अंगाला. तिथे मुख्य सळई खाली गेली, किंवा काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांनी दबून खाली बसली, तर आकडे सगळे बरोबर असूनही छज्जा टिकत नाही. म्हणून तर जाळीखाली चेअर लावतात.

ठेकेदारी का सोडली?

पेटंटनंतर एनबिक यांनी स्वतः बांधणे थांबवले. हा त्यांचा खरा हुशारीचा निर्णय. पॅरिसच्या कार्यालयातून हिशेब आणि ड्रॉइंग जायची, परवाना घेतलेले ठेकेदार बांधायचे आणि त्या बदल्यात फी भरायचे. देशोदेशी एजंट नेमले. १८९८ मध्ये ल बेटाँ आर्मे हे मासिक काढले. काम झपाट्याने वाढले आणि थोड्याच वर्षांत बांधकामांची संख्या हजारोंत गेली. ब्रिटनमधील स्वानसी येथे १८९७ मध्ये गिरणी उभी राहू लागली. फ्रान्समध्ये शातेलरो येथे ४०, ५० आणि ४० मीटरच्या तीन कमानींचा पूल झाला.

मात्र कागद एका शहरात आणि काम दुसऱ्या शहरात, ही या व्यवस्थेची दुखरी बाजूही होती.

बाझेलमध्ये काय घडले?

ऑगस्ट १९०१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात एनबिक पद्धतीने बांधले जाणारे एक हॉटेल कोसळले. कामगारांचे जीव गेले. तज्ज्ञांनी चौकशीत साहित्याचा दर्जा, कारागिरी आणि देखरेख यांवर बोट ठेवले. ड्रॉइंगवरची रेघ शुद्ध असते; वाळू धुतलेली आहे का, टेकू कधी काढले, हे ती सांगत नाही. एनबिक यांची हिशेबाची पद्धतही बरीचशी अनुभवावर बेतलेली होती आणि त्यावर इंजिनीअर टीका करत होते. १९०३ मध्ये स्वित्झर्लंडने तात्पुरते नियम आणले, १९०६ मध्ये फ्रान्स सरकारचे परिपत्रक निघाले. पेटंटधारकाच्या शब्दावर चालणारे काम आता सर्वांसाठी खुल्या नियमांवर चालू लागले. एनबिक यांच्या मक्तेदारीला हा धक्काच होता.

तरीही १९११ मध्ये रोममध्ये टायबर नदीवर त्यांच्या पद्धतीचा १०० मीटरचा एकाच कमानीचा रिसोर्जिमेंतो पूल उभा राहिला. तो आजही वापरात आहे. एनबिक यांचे निधन मार्च १९२१ मध्ये पॅरिसमध्ये झाले.

त्यांच्या कार्यालयाची कागदपत्रे पॅरिसच्या वास्तुकला संग्रहात आहेत. इटलीतील त्यांचे एजंट पोर्केद्दू यांचा दप्तरसाठा तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये आहे. त्या काळातली एखादी इमारत दुरुस्तीला निघाली की इंजिनीअर आधी तिथे तिचे ड्रॉइंग आहे का ते शोधतात. ते नसेल, तर स्कॅनर फिरवून किंवा ठिकठिकाणी काँक्रीट फोडून सळ्या मोजाव्या लागतात.