वायूतले इलेक्ट्रॉन मोजणारी तार

डोळ्याचा नंबर घालवण्यासाठी वापरतात तो एक्सायमर लेझर पेटतो तेव्हा त्यातल्या वायूत मुख्य विजेच्या आधी थोडे इलेक्ट्रॉन मोकळे केलेले असतात. ते सारखे पसरले नाहीत, तर वीज एकाच जागेतून ठिणगीसारखी धावते आणि लेझर बिघडतो. म्हणून वायूत इलेक्ट्रॉन किती, हे मोजावे लागते. या मोजणीचा पाया घालणारे इर्व्हिंग लँगम्युअर यांनी लेझर मात्र पाहिला नाही.

१८८१ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले लँगम्युअर जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले, काही काळ शिकवले आणि १९०९मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. काम घरगुती होते: विजेचे दिवे आतून काळे का पडतात? तापलेल्या तारेतले टंगस्टन उडून काचेवर बसते, हे त्यांनी दाखवले आणि दिव्यात निष्क्रिय वायू भरण्याचा मार्ग काढला.

पुढे ते विजेने चमकणाऱ्या वायूंकडे वळले. अशा वायूत तार बुडवली की ती भोवतालचाच विद्युतदाब घेते, असे तोवर धरून चालत. ते चूक होते. चपळ इलेक्ट्रॉन तारेवर आधी पोहोचतात, ती ऋणभारित होते आणि तिच्याभोवती धन आयनांचे कवच तयार होते. १९२०च्या दशकात लँगम्युअर आणि हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी हे कवच हिशेबात घेतले. तारेचा दाब बदलत न्यायचा, प्रवाह टिपायचा. त्या आलेखातून इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि घनता दोन्ही मिळतात. एवढ्या साध्या साधनातून एवढे निघावे, हे आजही नवल वाटते.

या अवस्थेला १९२८मध्ये त्यांनी प्लाझ्मा म्हटले. रक्तद्रव पेशी वाहून नेतो तसेच काहीसे हे, अशी ती कल्पना होती, असे मॉट-स्मिथ यांनी नंतर सांगितले.

१९३२चे नोबेल त्यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी मिळाले. १९५७मध्ये ते वारले. पहिला लेझर १९६०मध्ये चमकला. चार वर्षांनी बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. वातावरणाइतक्या दाबावर चालणाऱ्या लेझरमध्ये लँगम्युअर यांचे साधे गणित चालत नाही. वाटेत इलेक्ट्रॉन सतत अणू-रेणूंवर आदळतात. तिथे सूक्ष्मलहरी सोडून घनता काढता येते. मात्र त्यामागचे नाते, म्हणजे प्लाझ्माच्या आंदोलनाचा वेग इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरतो हे, १९२९मध्ये लेवी टाँक्स यांच्यासह लँगम्युअर यांनीच मांडले होते.