अंजनीबाई मालपेकर

हिंदुस्थानी संगीतातील बहुतेक घराणी ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर अशा संस्थानांच्या वा गावांच्या नावांनी ओळखली जातात. भेंडीबाजार घराण्याचे नाव मात्र मुंबईतील एका बाजारवस्तीवरून पडले. उत्तरेकडून पोटासाठी आलेले गायकबंधू आणि गोमंतकातून आलेली एक बालिका यांची गाठ या शहरात पडली, हे मुंबईच्या संगीताचे मोठे भाग्य होय.

अंजनीबाईंचा जन्म २२ एप्रिल १८८३ रोजी पेडणे महालातील मालपे या गावी, कलावंत समाजात झाला. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई या दोघीही गाण्यात नावाजलेल्या होत्या. पेडणे, डिचोली हे महाल त्या काळी पोर्तुगीज अमलाखालील नव्या काबिजादीत मोडत. गोमंतकातील कलावंतिणींचे गायन देवस्थानांच्या सेवेशी बांधलेले असे. थोर उस्तादांची तालीम आणि उदार रसिक मात्र मुंबईत होते. त्यामुळे अनेक कलावंत कुटुंबांनी मुंबईची वाट धरली. मागे राहिलेले गाव त्यांच्या आडनावात तेवढे उरले.

बिजनौरचे छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू १८७० च्या सुमारास मुंबईस येऊन भेंडीबाजाराच्या परिसरात स्थायिक झाले होते. वयाच्या आठव्या वर्षी अंजनीबाई नझीर खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. खुला आकार, दीर्घ दमसास, मींडेचे काम आणि मेरुखंड पद्धतीने केलेला स्वरविस्तार ही त्या गायकीची लक्षणे त्यांनी कठोर मेहनतीने आत्मसात केली. १८९९ साली, सोळाव्या वर्षी, त्यांनी पहिली जाहीर मैफल गाजवली.

कीर्तीबरोबर परीक्षाही आली. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना त्यांच्या रूपाने प्रेरणा दिली. पण मैफलीत गाणाऱ्या स्त्रीचे रूप जितके न्याहाळले जाई तितकी तिची विद्या जोखली जात नसे. १९०४ साली त्यांचा आवाज गेला. सुमारे वर्षभर त्या गाऊ शकल्या नाहीत. तो परत मिळताच त्यांनी पुन्हा मैफली केल्या. मात्र गुरूंच्या निधनानंतर १९२३ साली, अवघ्या चाळिशीत, त्यांनी मैफलींचा निरोप घेतला.

पुढील अर्धशतक त्यांनी विद्यादानात वेचले. बेळगावकडून मुंबईस आलेले कुमार गंधर्व त्यांच्यापाशी शिकले. कुर्डीहून आलेल्या मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनाही त्यांची तालीम लाभली. अशा रीतीने उत्तरेतील खाँसाहेबांची विद्या गोमंतकीय गुरूमुखातून पुढल्या पिढीतील इतर घराण्यांच्या गायकांपर्यंत पोहोचली. संगीत नाटक अकादमीने १९५८ साली त्यांना फेलोशिप देऊन गौरविले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. मालप्याची ही कन्या मुंबईच्या एका बाजाराच्या नावाने ओळखले जाणारे गाणे आयुष्यभर गायली आणि दुसऱ्यांच्या गळ्यात उतरवून गेली.