द्रव्यपरीक्षक श्रावक : ठक्कर फेरू

लेखापरीक्षणाचा व्यवसाय आज जैन घराण्यांतील अनेक मुलामुलींनी पत्करला आहे. दुसऱ्याच्या द्रव्याची परीक्षा करून जे खरे आढळेल तेच नोंदविणे, हे त्या व्यवसायाचे मर्म. सातशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या सुलतानी टाकसाळीत अशीच परीक्षा करणारे एक श्रावक होऊन गेले. ते म्हणजे ठक्कर फेरू.

फेरू श्रीमाळ कुळातले. पित्याचे नाव चंद, पितामहांचे कलश. आजच्या हरियाणातील कन्नाणा हे त्यांचे गाव. इ. स. 1291 मध्ये त्यांनी खरतरगच्छाच्या युगप्रधान आचार्यांची परंपरा वर्णन करणारी चतुष्पदिका रचली. पुढे ते अल्लाउद्दीन खिलजीच्या सेवेत शिरले. देवगिरी, गुजरात, रणथंभोर, माळवा येथील संपत्ती त्या काळी दिल्लीच्या खजिन्यात येऊन पडली होती. तेथील रत्ने डोळ्यांखालून गेल्यावर त्यांनी 1315 मध्ये पुत्र हेमपाल याच्यासाठी ‘रत्नपरीक्षा’ लिहिली. ‘वास्तुसार’ही त्याच वर्षीचा.

परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे कुतुबुद्दीन मुबारकशाहाच्या कारकिर्दीत, 1318 मध्ये सिद्ध झालेली ‘द्रव्यपरीक्षा’. गाथा अवघ्या 149. राज्याराज्यांची नाणी तेव्हा बाजारात एकत्र फिरत. कोणात चांदी किती आणि तांबे किती, हे नाण्याच्या मुखावरून कळत नसे. नुसत्या मोजणीने घेणारा हमखास बुडे. फेरूंनी सोन्याचा कस बारा वर्णींत आणि चांदीचा वीस विसव्यांत मांडला, धातू शोधण्याच्या रीती सांगितल्या आणि दोनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांतील धातूचे प्रमाण तोळे-माशांत नोंदविले. कुमारपालाच्या नावाची ‘कुमारपुरी’ त्यात आहे, माळव्याची आणि चंदेरीची नाणी आहेत. विशेष हे की, ज्याचे अन्न खाल्ले त्या विद्यमान सुलतानाची नाणीही त्यांनी त्याच तराजूत घातली. पराभूत राजांचे हीण उघडे करणे सोपे. धन्याच्या नाण्याचा कस लिहून ठेवायला छाती लागते.

ही विद्या एरवी पारख्यांच्या घराबाहेर जात नसे. फेरूंनी ती आपला बंधू व पुत्र यांच्यासाठी ग्रंथबद्ध केली, तीही संस्कृतात नव्हे, तर व्यवहारात वावरणाऱ्याला उमजेल अशा लोकाभिमुख प्राकृत-अपभ्रंशात. हिशेबासाठी ‘गणितसारकौमुदी’ आहेच. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळीचा व्यवहार हे दोन्ही गणले आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. टाकसाळीतल्या माणसाला या दोन्हींचा मोह रोज समोर असतो.

राजसेवा मात्र निष्कंटक नव्हती. 1313 मध्ये सुलतानी सैन्याने शत्रुंजयाची हानी केली. पाटणच्या समराशाहांनी 1315 मध्ये जीर्णोद्धार घडविला. याच सुलतानाच्या पदरी फेरू होते. त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी. 1323 मध्ये दिल्लीचे श्रेष्ठी रयपती यांचा संघ शत्रुंजयाला निघाला, त्यात फेरू सामील होते.

त्यांच्या ग्रंथांची चौदाव्या शतकातील हस्तलिखित प्रत कोलकात्याच्या एका जैन ग्रंथभांडारात अगरचंद व भंवरलाल नाहटा यांना 1946 च्या सुमारास सापडली. जोधपूरहून 1961 मध्ये ती ‘रत्नपरीक्षादि सप्तग्रंथसंग्रह’ या नावाने छापली गेली.